जॉनी क्लेमचे फोटो जमवणं म्हणजे लहान पोराच्या युद्धाचा बाजार?

ओहायोकर:
मी अमेरिकन यादवी युद्धातल्या ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या वस्तू जमवतो, त्यातही जॉनी क्लेमच्या जास्त. परवा एका जवळच्या मित्राने तोंडावर सुनावलं, "बारा वर्षांच्या पोराच्या युद्धाचा बाजार मांडलाय तुम्ही लोकांनी." मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जॉनी आमच्या ओहायोतल्या न्यूअर्कचा, जन्म १८५१. नवव्या वर्षी घरातून पळाला आणि सैन्याच्या मागे लागला. २२व्या मिशिगन पलटणीने शेवटी त्याला ठेवून घेतलं. त्याचा महिना १३ डॉलर पगार अधिकारी वर्गणी काढून द्यायचे असं सांगतात. सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत, त्याच्या उंचीला पेलेल अशी कापून आखूड केलेली बंदूक त्याच्या हातात होती. 'शरण ये' म्हणणाऱ्या एका कॉन्फेडरेट (फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बाजूच्या) अधिकाऱ्यावर त्याने गोळी झाडली, अशी त्याची ख्याती. त्यानंतर तो सार्जंट झाला.

माझ्याकडे त्याचा अडीच बाय चार इंचांचा, पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो आहे. बाहीवर सार्जंटच्या तीन पट्ट्या, आणि बाहीच एवढी लहान की त्या पट्ट्यांनी ती भरून गेलीय. मागे दोन सेंटांचं महसुली तिकीट, त्यावर फोटोवाल्याने शाईने काट मारलेली. फोटोंवरचा हा कर सप्टेंबर १८६४ ते ऑगस्ट १८६६ एवढाच काळ होता, त्यामुळे हा फोटो केव्हा विकला गेला ते लगेच कळतं.

आणि वस्तूंची माया त्या पोरालाही होतीच. चिकमॉगानंतर महिन्याभरात तो कैद झाला, तेव्हा शत्रूने त्याचे कपडे काढून घेतले. त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते टोपीचं, कारण तिला गोळ्यांची तीन भोकं पडलेली होती. आज ती टोपी कुणी जपून ठेवली असती, तर त्यात वाईट काय होतं?

मंजिरी_स:
ओहायोकर, तुमच्या मित्राचं बरोबर आहे. तुम्हीच दिलेली माहिती पाहा. दोन सेंटांचं तिकीट म्हणजे पंचवीस सेंटांपर्यंतचा फोटो, बरोबर ना? म्हणजे युद्ध चालू असतानाच किंवा ते संपल्यावर लगेच हे पोर दुकानात विकलं जात होतं. लोकांनी तो फोटो अल्बममध्ये लावला, "केवढा शूर!" म्हणाले, आणि हे वय सैन्यात कशाला, हा प्रश्न बाजूला पडला. आज तुम्ही तोच फोटो कित्येक पट पैसे मोजून घेता.

त्याच्या शाळेचं काय झालं तेही सांगा. वेस्ट पॉइंट या लष्करी अधिकारी घडवणाऱ्या अकादमीच्या प्रवेश परीक्षेत तो नापास झाला, कारण शिक्षणच झालं नव्हतं. १८७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी थेट सैन्यात अधिकारी म्हणून नेमणूक दिली म्हणून निभावलं. हे तुमच्या फोटोत कुठे दिसतं?

रानवाटा:
मला बाजारापेक्षा खोटेपणाचा त्रास होतो. शायलोच्या लढाईत तो ढोल वाजवत होता या समजुतीवरून क्लेमला 'जॉनी शायलो' म्हणतात. शायलोची लढाई एप्रिल १८६२ ची, आणि २२वी मिशिगन उभी राहिली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. म्हणजे त्या पलटणीचा ढोलकरी म्हणून तो तिथे असणं शक्यच नाही. चिकमॉगाला त्याने गोळी झाडली तो अधिकारी नेमका कोण, यावरही एकमत नाही. पण वस्तूला नाव चिकटलं की भाव वाढतो. नुसत्या ढोलाला जी किंमत, त्याच्या कितीतरी पट नाव असलेल्या ढोलाला. म्हणून मागाहून नाव घातलेले ढोल बाजारात येतात. हे संग्राहकांच्या पैशानेच होतं.

ओहायोकर:
रानवाटा, शायलोचं खरं आहे, मी ती गोष्ट कुणाला सांगत नाही. पण दंतकथेला उत्तर मिळतं ते वस्तूतूनच. तिकीट बघा, ढोलाच्या बाजूच्या वाताच्या भोकातून आत डोकावून कारागिराचं लेबल वाचा, पलटणीच्या हजेरीपटाशी ताडून पाहा. हे काम अनेकदा आमच्यासारखी हौशी माणसंच करतात. आणि रणभूमीवर खणून काढलेल्या गोळ्या मी घेत नाही. चिकमॉगाचं राष्ट्रीय उद्यान १८९० पासून आहे, तिथे खणणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा.

मंजिरीताई, शाळेचा मुद्दा लागला. पण तो १९१५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा यादवी युद्धात लढलेला तो सैन्यातला शेवटचा माणूस होता. आयुष्य वाया गेलं असं कसं म्हणणार?

पेठकर:
पुण्यातल्या दिनकर केळकरांचा संग्रहही असाच एका माणसाच्या हौसेतून उभा राहिला, आणि लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं नाव त्याला आहे. ते दिवे, ते अडकित्ते घरोघरच्या अडगळीत पडून राहिले असते. सरकार जागं होईपर्यंत वस्तू टिकवतात त्या अशा वेड्या माणसांनीच. फक्त शेवटी त्या लोकांसमोर याव्यात, कुणाच्या कपाटात बंद राहू नयेत.

मंजिरी_स:
पेठकर, अडकित्ता आणि लढाईत गोळी झाडणारं पोर यांत फरक आहे हो. अडकित्ता जपल्याने कुणाला अडकित्ता व्हावंसं वाटत नाही. त्या काळी मात्र असे फोटो बघून कितीतरी पोरांनी घर सोडलं असेल. आणि 'आयुष्य वाया गेलं नाही' हे जगलेल्याबद्दल म्हणता येतं, ओहायोकर. आमांशाने आणि गोवराने छावणीत मेलेल्या पोरांचे फोटो पंचवीस सेंटांना कुणी विकले नाहीत. तुमचे पैसेही जिंकलेल्याच्याच मागे जातात, एवढंच माझं म्हणणं आहे. पुढच्या वेळी नाव माहीत नसलेल्या एखाद्या ढोलवाल्या पोराचा फोटो घ्या. तो स्वस्तही मिळेल.

ओहायोकर:
घेईन, आणि अल्बममध्ये क्लेमच्या आधी लावीन. त्याखाली शाळेचं आणि वेस्ट पॉइंटचंही लिहीन. पण क्लेमचा फोटो विकणार नाही. तो विकला तर उद्या कुणी 'जॉनी शायलो' असं नाव लिहून दुप्पट भावाने पुढे खपवेल.

मंजिरी_स:
विकू नका. न्यूअर्कमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे म्हणतात. तिथल्या बारा वर्षांच्या मुलांना तो हातात घेऊन बघू द्या, आणि त्या परीक्षेचं आधी सांगा.