प्रतिसाद: बालाघाटाचा एक इंची नकाशा का सरकतो

उस्मानाबादचं (आताच्या धाराशिवचं) जुनं एक इंची पत्रक, म्हणजे मैलाला एक इंच प्रमाणाचा नकाशा, उपग्रह चित्रावर ठेवला की शे-दीडशे मीटर सरकतो, तो का, असा प्रश्न आहे. सर्वेक्षणात चूक नाही. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो गणिती आकार धरतात तो गोलाभ. ते पत्रक जुन्या एव्हरेस्ट गोलाभावर आहे, चित्र जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर. आधी अक्षांश-रेखांशांच्या दर ५ मिनिटांच्या जाळीचे सोळाही छेदबिंदू एव्हरेस्टमध्येच बसवा आणि मगच रूपांतर करा. नुसते चार कोपरे घेतले तर कागदाचं आकुंचन निघत नाही. ओढ्याचं वळण तर खूण म्हणून कधीच धरू नका, पात्र सरकतं.

उंचीचं दुखणं वेगळंच. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ५० फुटांनी, म्हणजे १५.२४ मीटरने. आपला बेसॉल्ट खडक पायऱ्या-पायऱ्यांचा. दहा मीटरचा उभा कडा दोन रेषांमध्ये सहज गडप होतो आणि संगणक तिथे गुळगुळीत उतार दाखवतो. बांधाची जागा त्यावरून ठरवू नका.