प्लाझ्मादानापूर्वी काय माहीत असावे? आपले अनुभव लिहावेत

नेहमीचे रक्तदान पुण्यात घरोघरी ठाऊक आहे. यंत्राद्वारे होणाऱ्या प्लाझ्मादानाविषयी, म्हणजे रक्तातील केवळ द्रव भाग देण्याविषयी, मात्र आमच्या इमारतीतील दोन तरुणांना बरेच प्रश्न पडले होते, म्हणून हे आवाहन करीत आहे. आरंभ माझ्याच अनुभवाने करतो.

सप्टेंबर २०२० मध्ये, करोनातून बरा झाल्यावर महिनाभराने, मी प्लाझ्मा दिला. रक्त यंत्रात जाते, तेथे पिवळसर प्लाझ्मा वेगळा होतो आणि तांबड्या पेशी शरीरात परत येतात, एवढे मला समजावले होते; परतीच्या वेळी हात गार पडतो आणि ओठांभोवती मुंग्या येऊ शकतात, हे कोणी सांगितले नव्हते. ही आपलीच भीती असेल असे समजून मी गप्प राहिलो. मुंग्या बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचल्या, तेव्हा माझा चेहरा पाहून तंत्रज्ञ ताईंनी यंत्राचा वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी चघळायला दिली. रक्त गोठू नये म्हणून त्यात सिट्रेट मिसळतात आणि ते रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून हे होते. पहिली मुंगी जाणवताच सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मे २०२१ मध्ये करोनाच्या उपचारसूचीतून प्लाझ्मा वगळण्यात आला, कारण चाचण्यांत अपेक्षित लाभ दिसला नव्हता. वाईट वाटले, पण तो निर्णय मला योग्यच वाटतो.

आपले आवाहन वाचून कर्वेनगरहून माझा अनुभव लिहीत आहे. उपाशीपोटी जाऊ नये असे ऐकले होते, म्हणून सकाळी तर्रीदार मिसळ खाऊन गेलो. पिशवीत जमलेला प्लाझ्मा पिवळसर दिसण्याऐवजी दुधासारखा पांढुरका दिसू लागला. तेलकट खाण्यातील चरबी रक्तात उतरली की असे होते, आणि तो प्लाझ्मा रुग्णाला देत नाहीत. तासभर पडून राहिलो आणि पिशवी वाया गेली, याचे दुःख अजून आहे. आदल्या रात्रीपासून वरणभात, पोळीभाजी असा साधा आहार घ्यावा आणि पाणी भरपूर प्यावे.

काका, मी हडपसरची, दोन मुलांची आई. मला नकार मिळाला तेव्हा अपमान वाटला होता. गरोदरपणात काही स्त्रियांच्या रक्तात अशी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार होतात, की त्यांचा प्लाझ्मा रुग्णाच्या फुफ्फुसांना इजा करू शकतो, हे तेथील डॉक्टरांनी शांतपणे समजावले, तेव्हा राग गेला. आता मी नियमाने चार महिन्यांनी रक्तदान करते.

मोबदल्याविषयी कोणी विचारील म्हणून लिहितो: आपल्याकडे पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे.

सिंहगड रस्त्याहून एक सूचना. सुई काढल्यावर मी लगेच दुचाकी काढली आणि पहिल्याच सिग्नलला डोळ्यांपुढे अंधारी आली. पंधरा मिनिटे तेथेच बसावे, सरबत प्यावे आणि शक्यतो कोणाला तरी सोबत न्यावे.