पुरानंतर घरदुरुस्ती (सांगली): ठेकेदार ओल्या भिंतीवर गिलावा करायला निघालाय, वर वाढीव बिल. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात आमचं जुनं घर आहे. खालच्या मजल्याचं बांधकाम मातीतल्या विटांचं, वरचा मजला नंतर चढवलेला. 2019 ला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी 45), तेव्हा गाळ काढून, रंग मारून भागवलं. 2021 च्या जुलैत पाणी परत घरात आलं. या वेळी मागच्या दोन खोल्यांची फरशी खचली आणि भिंतींना कंबरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) लागलाय. आई-बाबा वरच्या मजल्यावर राहतात. मी पुण्यात नोकरीला, सुट्टीच्या दिवशी जाऊन येते.

ठेकेदार म्हणजे बाबांचा जुना विद्यार्थी. त्यामुळे करार वगैरे काही नाही, वहीच्या एका पानावर त्याने लिहून दिलेला आकडा आहे: मटेरियलसह 4,80,000. त्यातले तीन लाख देऊन झाले. झालेलं काम असं: जुना गिलावा फोडला, मागच्या दोन खोल्यांत मुरूम भरून कोबा केला, बाथरूम अर्धवट. राडारोडा अजून अंगणातच.

आता तो म्हणतो, "सर, भराव जास्त लागला. चार ब्रास धरला होता, नऊ गेला. वरचे नव्वद हजार द्या, सोमवारी गिलाव्याची माणसं लावतो." भिंतीला हात लावला तर अजून गार लागते. त्याचं म्हणणं, सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगचं केमिकल टाकतो, काळजी नको. बाबांना त्याला दुखवायचं नाहीये. मला पैशांपेक्षा भिंतींची धास्ती आहे, कारण वर दोघं राहतात.

विचारायचं एवढंच: गिलावा थांबवू का? नऊ ब्रास खरे की खोटे हे आता कसं कळणार? आणि त्याला काढायचं झालं तर हिशेब कसा मिटवायचा?

—

काळीमाती:
ताई, गिलावा थांबवा. आजच फोन करा.

मातीतल्या विटांची भिंत आतली ओल हळूहळू पृष्ठभागातून बाहेर सोडते. तिच्यावर घट्ट सिमेंटचा थर आणि वर केमिकल चढवलं की ओल बाहेर पडत नाही, वर चढते. आज लोणा कंबरेपर्यंत आहे, उद्या छातीपर्यंत दिसेल आणि नवा गिलावा पापुद्रे धरून सुटेल. आधी सांध्यांतली भुसभुशीत माती खरवडून काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका, धुऊ नका, धुतला की क्षार परत विटेत जातात. दारं-खिडक्या उघड्या, पंखे चालू. साधी परीक्षा म्हणजे हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवायचा. आतल्या बाजूला दव दिसलं तर भिंत तयार नाही. वाळल्यावर चुन्याचा गिलावा उत्तम. करणारा गवंडी मिळाला नाही तर निदान सिमेंट कमी ठेवा, एका भागाला सहा भाग वाळू.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे फरशी खचली की भिंतही? आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल तर तिच्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटने चिकटवून तारीख लिहा. पट्टी तडकली म्हणजे भिंत अजून हलतेय. मग आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, बाकी सगळं नंतर. वर माणसं राहतात म्हणून जोर देऊन सांगतोय.

—

ब्रासचा_हिशेब:
मागच्या दोन खोल्यांचं माप द्या.

—

धागाकर्ती:
दोन्ही साधारण 12 बाय 14. भेग आहे, तिरकीच. पट्टी लावायला सांगते बाबांना.

—

ब्रासचा_हिशेब:
मग दोन्हींचं मिळून क्षेत्रफळ 336 चौरस फूट. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. फूटभर भराव धरला तर 336 घनफूट, धुम्मसाने ठोकून मुरूम दबतो म्हणून पाव हिस्सा जास्त धरा, सव्वाचार ब्रासच्या आत बसतं. त्याचा पहिला अंदाज चुकीचा नव्हता! नऊ ब्रास जायला दोन फुटांच्या वर भराव हवा. कोब्यात एका कोपऱ्यात भोक पाडून खाली किती मुरूम आहे ते मोजा. आणि मुरुमाच्या गाड्यांच्या पावत्या मागा, भांडण म्हणून नव्हे, "बाबांना हिशेब लिहायचाय" म्हणून.

—

बांधकामवाला:
मी स्वतः ठेकेदारी करतो, म्हणून दुसरी बाजू. जुनं घर फोडल्याशिवाय कळत नाही. जमीन खचली असेल तर दोन फूट भराव खरंच लागू शकतो. पण ते भरायच्या आधी दाखवायचं असतं, भरून झाल्यावर सांगायचं नसतं. गिलाव्याची घाईही समजून घ्या. पुरानंतर एकेकाने चार-पाच कामं अंगावर घेतली आहेत, गिलाव्याची टोळी रिकामी बसली की दुसरीकडे जाते. तिच्यासाठी त्याला तुमची उचल हवी आहे. तुमच्या भिंतीशी त्याचा संबंध नाही.

लगेच काढू नका. बाहेरचा इंजिनिअर बोलवा, त्याच्यासमोर दोघांनी मिळून झालेल्या कामाचं मोजमाप करा, फोटो काढा, बाबांची आणि त्याची सही घ्या. त्या मापावर बाजारभावाने किती होतात ते काढा. तीन लाखांपेक्षा कमी भरलं तर उरलेल्यात राडारोडा आणि बाथरूम पुरं करून दे म्हणा. पुढचं काम लेबर रेटवर द्या, सिमेंट-वाळू तुम्ही आणा. पैसे काम झाल्यावर, टप्प्याने. यात त्याचा अपमान नाही आणि सरांचा विद्यार्थी म्हणून त्याला नाहीही म्हणता येणार नाही.

—

काळीमाती:
वरच्याशी सहमत. नाहीच ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. घरबांधणीचा ठेका सेवेत मोडतो, दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पैसे बँकेतून दिलेत का? रोख दिले असतील तर तारीख-रक्कम लिहून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, त्याचं "हो" आलं तरी पुरावा होतो.

—

धागाकर्ती:
दोन लाख बँकेतून, एक रोख. मेसेज पाठवला, "हो सर" असं उत्तर आलंय. सोमवारचा गिलावा थांबवला, बाबांनीच फोन केला त्याला. मिरज-सांगली भागात जुन्या मातीच्या बांधकामाची माहिती असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.