मिठाचं प्रमाण, आणि दाढ काढल्यावर गुळण्या
घसा दुखत असताना मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या तर "मीठ जितकं जास्त तितका गुण लवकर" असं कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरे. खारं पाणी सुजलेल्या घशातला जादा द्रव ओढून घेतं, म्हणून बरं वाटतं. फार खारट केलं तर घसा उलट कोरडा पडून चरचरतो. मान मागे टाकून 'आऽऽ' करत खळखळवा, नाहीतर पाणी नुसतं गालातच फिरतं. गिळू नका, रक्तदाबवाल्यांनी तर नाहीच.

दाढ काढली असेल तर मात्र पहिले २४ तास गुळण्या नकोतच. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी जोरात चूळ भरल्याने निघून येऊ शकते, आणि मग जे ठणकतं ते विचारू नका! दुसऱ्या दिवसापासून पाणी तोंडात हलकेच फिरवायचं. पचकन थुंकायचंही नाही, नुसतं ओघळू द्यायचं.