शिंदेसाहेबांच्या खासदारकीने सोलापूरला काय दिलं?

सातरस्ता: २०२४ला प्रणितीताई शिंदे सोलापूरच्या खासदार म्हणून निवडून आल्या आणि वडिलांच्या, म्हणजे सुशीलकुमार शिंदेंच्या, कारकिर्दीवर पुन्हा बोलणं सुरू झालं. 'दिल्लीत मोठे झाले, गावाचं काय?' हा सूर मला अन्यायाचा वाटतो. सोलापूरच्या कोर्टात शिपाई, मग पोलीस फौजदार, मग करमाळ्याचे आमदार. १९९८ आणि १९९९ला सुशीलकुमार शिंदे इथून लोकसभेवर गेले तेव्हा हा मतदारसंघ खुला होता. राखीव झाला तो २००९ला. दलित घरातला माणूस लिंगायत, मराठा, पद्मशाली, मुस्लिम अशा सगळ्यांची मतं घेऊन खुल्या जागेवर दोनदा जिंकतो, हे महाराष्ट्रात किती ठिकाणी घडलं?

कुंभारीकर: ते मान्यच आहे ओ दादा, त्याचा अभिमानही आहे. पण निवडून येणं हे काम झालं का? मुख्यमंत्री, राज्यपाल, ऊर्जामंत्री, गृहमंत्री, एवढी पदं एका माणसाकडे आली. तरी आमच्या नळाला चार-चार दिवसांआड पाणी, आणि शिकलेली पोरं पुण्याला.

सातरस्ता: विद्यापीठ २००४ला झालं, ते मुख्यमंत्री असताना. फताटेवाडीचा १३२० मेगावॅटचा एनटीपीसी वीजप्रकल्प त्यांच्या ऊर्जा खात्याच्या काळातला.

कुंभारीकर: प्रकल्प आला, पण त्याने यंत्रमागवाल्याचं बिल कमी झालं नाही. आणि ऊर्जा खातं म्हणाल तर जुलै २०१२मध्ये सलग दोन दिवस निम्मा देश अंधारात गेला, त्याच वेळी त्यांना गृहखात्याची बढती मिळाली. हे मला आजही खटकतं.

बाळीवेस: ताई, नळाचं पाणी महापालिकेचं काम. खासदाराकडे बघायचं ते संसदेत. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर २०१३ला बलात्काराचा कायदा कडक झाला, ते विधेयक गृहमंत्री म्हणून त्यांनीच मांडलं. ते सोलापूरच्या बायकांसाठीही आहेच ना?

कुंभारीकर: आहेच, त्याबद्दल आदरच आहे. पण उजनी धरण भरलेलं असताना शहर तहानलेलं राहतं, तेव्हा दिल्लीतलं वजन वापरायचं कुणी? महापालिकेच्या एकटीच्या ऐपतीतलं ते काम नाही. २०१४ला भाजपचे शरद बनसोडे, २०१९ला भाजपचेच जयसिद्धेश्वर स्वामी निवडून देऊन दोनदा लोकांनी साहेबांना घरी बसवलं. ते सगळं मोदी लाटेवर ढकलू नका.

सातरस्ता: लाट होतीच. पण त्यानंतरची दहा वर्षं खासदार भाजपचेच होते, तेव्हा पाणी रोज आलं का?

कुंभारीकर: नाही आलं. म्हणून तर २०२४ला लोकांनी पुन्हा बदल केला. आता प्रणितीताईंनाही हेच विचारणार.