यिर्मया २७ : बाबेलच्या राजापुढं मान वाकवा, असं देव काऊन म्हणते?

प्रश्न (दारव्ह्याकडचा भाऊ)
सगळ्यांले सलाम. आमच्या मंडळीचा बुधवारचा बायबल अभ्यास घरोघर असते, मागच्या खेपेला यिर्मया २७ (यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २७ वा अध्याय) घेतला आन तवापासून डोक्यात तेच घोळून राह्यलं. देव यिर्मयाले जू करून मानेवर ठेवाले लावते आन अदोम, मवाब, अम्मोन, सोर, सीदोनच्या राजांले त्यांच्याच दूतांच्या हातून निरोप धाडते का बाबेलच्या राजाची चाकरी करा. वरून त्या राजाले, नबुखद्नेस्सराले, 'माझा सेवक' म्हणते! ज्याच्या फौजेनं पुढं यरुशलेमचं मंदिर जाळलं तो सेवक कसा? अभ्यासात एक जण म्हणे सरकार जे करन ते गपचूप ऐकायचं हाच याचा अर्थ. मले नाही पटत.

उत्तर १
भाऊ, ७ वं वचन वाचा. त्याच्या देशाची पण वेळ भरन, मंग दुसरे राजे त्याले राबवतीन असं तिथंच लिहेल हाय. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाच्या राजानं, कोरेशानं, बाबेल घेतलं. नबुखद्नेस्सराले काम आन मुदत दोन्ही देवानं देल्ले होते, त्याले चांगला माणूस कुठं म्हटलं नाही.

उत्तर २ (ताई, वाशीम जिल्हा)
मले तर ११ वं वचन लय धीर देते. जे राष्ट्र त्या राजाच्या जुवाखाली मान देईन ते आपल्याच जमिनीत राहीन, वाहीन-पेरीन. म्हणजे देवाले लोकं वावरात राह्यलेले पायजे होते. आता पुढचा अध्याय पाहा, हनन्या नावाचा खोटा संदेष्टा लोकांले आवडन तेच बोलला, दोन वर्षांत सगळं परत येते म्हणे, आन यिर्मयाच्या मानेवरचं लाकडाचं जू मोडून टाकलं. देव म्हणाला आता लोखंडाचं येईन. नवा गोऱ्हा जुवाखाली झटके मारते तवा त्याचाच खांदा येते, शिवळीजवळचं (जुवाच्या खुंटीजवळचं) कातडं सोलून निंगते, यहूदा राज्याच्या राजाचं, सिद्कीयाचं, तसंच झालं, बाबेलविरुद्ध बंड केलं आन इ.स.पू. ५८६ ले यरुशलेम शहर गेलं. हनन्या तर त्याच वर्षी मेला.

उत्तर ३
'गपचूप ऐकायचं' हे चूक हाय, स्पष्ट सांगतो. बाबेलात नेलेला यहूदी दानीएल त्याच राजाच्या नोकरीत होता, तरी दानीएल ४:२७ मध्ये त्याले तोंडावर सांगते का पाप सोड, गरिबांवर दया कर. दानीएलाचे तीन सोबती सोन्याच्या मूर्तीपुढं वाकले नाही, भट्टीत जायाले तयार झाले. कर द्या, काम करा, पण भक्ती फक्त देवाची.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. पुढच्या बुधवारी दानीएल ४ च घेतो. पण मवाब-अम्मोनचे लोक तर दुसऱ्या दैवतांचे, त्यांच्यावर हा हुकूम कसा?

उत्तर २ (ताई, वाशीम जिल्हा)
२७:५ पाहा भाऊ. पृथ्वी, माणसं, जनावरं मी केली, मले वाटन त्याले देईन, असं तो म्हणते, म्हणून एकटा यहूदाच नाही, सगळेच त्याच्या हुकमाखाली. आन त्यानं त्यांले टाकून पण नाही देल्लं, ४८:४७ मध्ये मवाबाले आन ४९:६ मध्ये अम्मोनाले परत वसवायचं वचन हाय.