काहीतरी नवीन घडवताना तुम्हाला नक्की काय लागलं? अनुभव लिहा

मुलगी परवा म्हणाली, आई माझ्यात टॅलेंटच नाही तर मी कशाला लिहू. मला पटकन उत्तर सुचलं नाही. माझी स्वतःची पहिली कविता दिवाळी अंकात यायला सात वर्षं लागली, तोवर 'साभार परत'ची पाकिटं एका डब्यात साठवली होती, तो डबाच तिच्यासमोर ठेवला शेवटी. म्हणून हा धागा. मोठ्या लोकांचे सल्ले नकोत, तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा. नाटक, शेती, वर्कशॉप, काहीही.

---

मी पुण्याचा. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेत उतरलो होतो, एकांकिका माझी. तालमी सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि आमच्या दिग्दर्शकाने माझा सगळ्यात आवडता सीन काढून टाकला, पूर्ण सात मिनिटांचा. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. पण भरत नाट्य मंदिरात प्रयोग झाला तेव्हा त्या सीनच्या जागी नुसती शांतता होती आणि थिएटरमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. फायनलला नाही गेलो आम्ही. २०२२ला परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही तेव्हा केवढा आरडाओरडा झाला, मला मात्र तो निर्णय पटला होता. काम अजून झालेलं नाही हे तोंडावर सांगणारं माणूस लागतंच, मला ते विसाव्या वर्षी मिळालं.

---

आमच्याकडे धान, नागभीड तालुका. आमच्याच भागातले दादाजी खोब्रागडे, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली पटेल थ्री या धानाच्या बांधीत (शेतात) त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, पिवळसर. त्या तोडून जपल्या, पुढच्या साली वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या, असं हंगामामागून हंगाम. त्यातूनच एचएमटी तांदूळ आला, नाव घड्याळावरून पडलं. बांधीवरून तर सगळेच जातात हो, पण थांबून बघितलं कुणी? मी पण एक बुटकं, वाऱ्यात न पडणारं झाड तीन साल जपलं, चौथ्या साली दाणा पोचट निघाला. लई वाईट वाटलं. यंदा दुसरी निवड केली आहे, रोवणीच्या वेळी पाच ओळी वेगळ्या लावल्या, बायको म्हणते रोज काय बघता तिथं.

---

मी नाशिकची, सिरॅमिकची भांडी करते. फाळक्यांचं सांगताना सगळे दादासाहेबांची जिद्द सांगतात आणि ती होतीच, १९१२ला लंडनहून कॅमेरा आणला, आधी रोपाची वाढ थोडीथोडी टिपून छोटी फिल्म केली, ती दाखवून पैसे उभे केले. पण सरस्वतीबाईंनी फिल्मला भोकं पाडणं, ती धुणं हे सगळं शिकून घेतलं आणि वर अख्ख्या युनिटचा स्वयंपाक केला, तेव्हा कुठे ३ मे १९१३ला 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कॉरोनेशन थिएटरला लागला. हे मी मुद्दाम लिहितेय कारण माझा निळा ग्लेझ (भांड्यावरचा चकचकीत लेप) १४० नमुने फुकट गेल्यावर जमला (दर वेळी भट्टी उघडली की केसासारख्या चिरा), आणि त्या सगळ्या दुपारी ३ ते ६ माझ्या मुलाला सासूबाईंनी सांभाळलं. वहीत प्रत्येक नमुन्याचं माप आहे, त्या तीन तासांची नोंद कुठेच नाही.

---

ताई पटलं तुमचं, पण ज्याला घरून असं कुणी नसतं त्याने काय करायचं? मी इचलकरंजीत लूमवर रात्रपाळी करतो, सकाळी घरी आल्यावर झोपायच्या आधी दीड तास चित्र काढतो. डोळे चुरचुरतात पण तो दीड तास कुणाला देत नाही. सहा महिन्यांत एक चित्र होतं. माझ्यापुरतं विचाराल तर ठरलेली वेळ लागते, मूड वगैरे बघत बसलो असतो तर एकही झालं नसतं.

---

धागा मीच काढलाय म्हणून विचारते, दादा सध्या कुठलं चित्र चालू आहे?

---

पंचगंगेचा पूर, ताई. बाकी सगळं झालंय, पाण्याचा रंग तेवढा मिळत नाही. तपकिरी लावला की मेलेला दिसतो. काल त्यात थोडा जांभळा घालून बघितला, कोपऱ्यात बोटभर जागेत बरोबर आलाय, आता तेवढाच पुन्हा मिसळता येतो का बघतोय.